थंडीच्या घराचें दार

घर कितीहि भक्कम बांधलें तरी त्याला दार ठेवावेंच लागतें. आणि घरांतील थंडी राखावयाची असेल, तर भिंतींपेक्षां दारच अधिक दगा देतें. बर्फवाला लादीभोंवतीं भुसा भरतो, वरून गोणपाट गुंडाळतो. पण गिऱ्हाईकाला तुकडा द्यावयाचा तर तें गोणपाट उघडावेंच लागतें, आणि बर्फ वितळूं लागतो तो तेथूनच. नित्याच्या व्यवहारांतील ही साधी अडचण विज्ञानाच्या एका अतिशय मोठ्या यंत्राच्या रचनाकारांपुढें फार बिकट स्वरूपांत उभी राहिली, आणि ती सोडविण्यास शंभर वर्षांतील तीन पिढ्यांची बुद्धि खर्ची पडली.

तें यंत्र जिनीव्हा शहराजवळ, स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सरहद्दीखालीं, सुमारें २७ किलोमीटर परिघाच्या एका भुयारांत आहे. ‘सर्न’ या युरोपीय संशोधनसंस्थेचा हा कणवेगवर्धक ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ या नांवानें ओळखला जातो. प्रोटॉन-कणांना वर्तुळाकार मार्गावर वळवीत ठेवण्यासाठीं त्यांत सुमारें १५ मीटर लांबीचे १,२३२ प्रमुख चुंबक बसविलेले आहेत. पूर्ण क्षमतेस त्यांच्या वेटोळ्यांतून ११,८५० अँपिअर इतका विद्युत्-प्रवाह वाहावयाचा असतो. घरांतील साठ वॉटच्या दिव्याला पाव अँपिअर पुरतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें मोल कळतें. साध्या तांब्याच्या तारेंतून एवढा प्रवाह वाहूं दिला, तर ती कांहीं क्षणांतच वितळून जाईल. परंतु हीं वेटोळीं केवल शून्याच्या वर अवघ्या १.९ अंशांवर, म्हणजे शतमान मापानें उणे २७१ अंशांच्याहि खालीं, द्रव हेलियमांत बुडविलेलीं आहेत. आणि त्या थंडींत त्यांच्या तारेचा विद्युत्-रोध अजिबात नाहींसा झालेला असतो.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. पण हा प्रवाह येतो कोठून? तो येतो बाहेरच्या उबदार जगांतील वीजयंत्रांकडून. म्हणजे उष्ण जग व थंड जग यांना जोडणारा धातूचा एखादा दुवा हवाच. थंडीच्या घरांत वीज आंत नेणाऱ्या या दुव्याला ‘प्रवेशवाहिनी’ म्हणावयास हरकत नाहीं. चुंबकांचें कौतुक सर्वत्र झालें. या वाहिनीकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तरी ती नसती, तर तें सारें यंत्र निरुपयोगी ठरलें असतें.

या कथेचा आरंभ हॉलंडांतील लायडन शहरीं होतो. तेथें १० जुलै १९०८ रोजीं हाइके कामरलिंग ऑनेस यांनीं हेलियम वायूचा द्रव करण्यांत प्रथमच यश मिळविलें. दिवसभराच्या खटाटोपाचें फळ म्हणजे जेमतेम ६० घन सेंटिमीटर द्रव. एखाद्या लहान पेल्यांत मावेल एवढा! हा द्रव केवल मापाच्या ४.२ अंशांवर उकळतो. १९११ च्या एप्रिलमध्यें त्याच थंडींत पाऱ्याचा विद्युत्-रोध एकाएकी लोपतो, असें ऑनेस व त्यांचे सहकारी यांना आढळून आलें. हीच अतिसंवाहकता. १९१३ सालीं ऑनेस यांना नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं शिकागो येथें भरलेल्या शीतकरण-परिषदेपुढें ठेवलेल्या वृत्तांतांत त्यांनीं एक मोठी आकांक्षा बोलून दाखविली: रोधरहित तारेचीं वेटोळीं करून एक लक्ष गॉस शक्तीचें चुंबकीय क्षेत्र निर्माण करावयाचें!

ती आकांक्षा त्यांच्या हातून पुरी झाली नाहीं. शिशाच्या तारेचीं वेटोळीं करून पाहतां असें दिसलें, कीं चुंबकीय क्षेत्र कांहीं शेंकडे गॉसपर्यंत चढलें न चढलें तोंच अतिसंवाहकता नष्ट होते. मात्र १९१४ सालीं त्यांनीं एक नामी प्रयोग केला. शिशाचें बंद वेटोळें चुंबकीय क्षेत्रांत ठेवून थंड करावयाचें आणि मग बाहेरचें क्षेत्र काढून घ्यावयाचें. त्यायोगें वेटोळ्यांत प्रवाह आपोआप उत्पन्न झाला आणि तासन् तास वाहत राहिला. जवळ धरलेली होकायंत्राची सुई त्याची साक्ष देत होती. या प्रयोगांत बाहेरून तार आणावी लागलीच नाहीं. घराला दारच ठेवलें नव्हतें, मग उष्णता येणार कोठून?

आज इस्पितळांत शरीराच्या आंतील चित्रें घेणाऱ्या चुंबकीय यंत्रांत याच तत्त्वाचा उपयोग होतो. त्यांत प्रवाह एकदां भरला, कीं वेटोळें आंतल्या आंत बंद करतात, आणि पुष्कळदां वाहिनी काढूनहि ठेवतात. मग कणवेगवर्धकांत तसें कां करूं नये? कारण त्यांतील प्रवाह स्थिर ठेवून चालत नाहीं. कणांची शक्ति जसजशी वाढते, तसतसें त्यांना वळविणारें क्षेत्रहि वाढावें लागतें. जिनीव्हाच्या यंत्रांत कण प्रथम येतात तेव्हां मुख्य चुंबकांतील प्रवाह सुमारें ७६० अँपिअर असतो. तो हळूहळू चढवीत बारा हजारांच्या आसपास न्यावयाचा, कित्येक तास तेथें ठेवावयाचा, पुन्हां उतरवावयाचा, आणि कांहीं बिघाड झाल्यास तत्काळ बाहेर काढून घ्यावयाचा. एवढी ये-जा चालावयाची म्हणजे दार सदैव उघडेंच राहणार.

ऑनेस यांच्यानंतर जवळजवळ अर्धें शतक गेलें. १९६१ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कुन्झलर व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें, कीं नायोबियम व कथील यांच्या संयुगाची तार ८८,००० गॉसच्या क्षेत्रांतहि भरपूर प्रवाह रोधावांचून वाहूं शकते. लवकरच नायोबियम व टिटॅनियम यांची चिवट मिश्रधातूहि उपयोगांत आली. आतां मोठे चुंबक खरोखरच होण्यासारखे झाले; आणि तेव्हां प्रवेशवाहिनीचा प्रश्न हिशेबाच्या वहींत ठळकपणें दिसूं लागला.

तो हिशेब असा. पितळी पळी कढत दुधांत ठेवली तर तिचा दांडा थोड्याच वेळांत हाताला पोळतो. लांकडी डाव मात्र खुशाल धरतां येतो. म्हणजे उष्णता आंत येऊं नये तर लांकूड बरें. पण लांकडांतून वीज जात नाहीं. वीज उत्तम वाहून नेणारा आणि उष्णता मात्र अडविणारा असा धातु कां शोधूं नये? निसर्गाच्या नियमानें ही वाट फार पूर्वींच बंद केलेली आहे. वीडमान व फ्रांट्स या दोघां जर्मन शास्त्रज्ञांनीं १८५३ सालीं दाखविलें, कीं धातूंमध्यें उष्णता वाहण्याची शक्ति आणि वीज वाहण्याची शक्ति यांचें प्रमाण जवळजवळ एकच असतें. १८७२ सालीं डेन्मार्कचे लोरेन्झ यांनीं हें प्रमाण उष्णतामानाबरोबर कसें बदलतें तें सांगितलें. वीज आणि उष्णता, दोहोंचेंहि ओझें धातूंत मुख्यत्वें इलेक्ट्रॉनच वाहतात. तेव्हां एकाला वाट द्यावी तर दुसराहि तिच वाटेनें येणार.

वाहिनी जाड केली तर तिचा रोध कमी, परंतु बाहेरची उष्णता तिच्यांतून लोटत येते. बारीक केली तर बाहेरची उष्णता अडते, परंतु प्रवाहामुळें ती स्वतःच तापते. या दोहोंच्या मध्यें कोठें तरी कमीत कमी नुकसानीचा बिंदु असणार. १९५९ सालीं रिचर्ड मॅक्फी यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या बिंदूचा विचार केलेला आहे. उत्तर मोठें चमत्कारिक येतें. वाहिनी तांब्याची असो कीं पितळेची, तिच्या लांबी-रुंदीचें प्रमाण योग्य राखलें म्हणजे थंड टोंकाशीं पोंचणारी उष्णता सारखीच: दर हजार अँपिअरमागें सुमारें ४७ वॉट. याहून कमी करणें, केवळ धातूच्या निवडीनें, कोणासहि शक्य नाहीं.

सत्तेचाळीस वॉट ऐकावयास क्षुल्लक वाटतात. परंतु द्रव हेलियम फार नाजूक. एक वॉट उष्णता सतत पोंचत राहिली तर दर तासास सुमारें १.४ लिटर द्रव उडून जातो. आणि ४ अंशांवरील एक वॉट उष्णता बाहेर उपसावयास मोठ्या शीतयंत्रालाहि दोनशेंहून अधिक वॉट खर्चावे लागतात. बारा हजार अँपिअरच्या एकाच वाहिनीपायीं तासाला सुमारें ७८० लिटर हेलियम नाहींसें होईल. असें दार ठेवण्यापेक्षां घर न बांधलेलेंच बरें!

या पेंचांतून सुटका झाली ती उडून जाणाऱ्या वाफेनेंच केली. हेलियमचा द्रव उकळावयास उष्णता फार थोडी लागते. पण त्याची थंडगार वाफ ४ अंशांपासून खोलीच्या उष्णतामानापर्यंत तापतांना त्याच्या सुमारें ७५ पट उष्णता शोषून घेऊं शकते. ही वाफ तशीच बाहेर सोडून देणें म्हणजे केवढी उधळपट्टी! तेव्हां रचनाकारांनीं वाहिनी भरीव न ठेवतां तिला पुष्कळ पापुद्रे, तारा किंवा खांचा ठेवल्या, आणि वर चढणारी वाफ त्यांना घांसून जाईल अशी योजना केली. खालीं उतरूं पाहणारी उष्णता वाटेंतच वाफेच्या हातीं लागते व तिच्यासह परत बाहेर जाते. या युक्तीनें ४७ वॉटांचे १.१ वॉट झाले. ७८० लिटरांचे अवघे १८ लिटर राहिले. मात्र एक जोखीम वाढली. वाफेचा ओघ तुंबला, तर भर प्रवाहांत वाहिनी तापून जळून जाण्याचें भय. म्हणून वाफेचा पुरवठा आणि वाहिनीच्या दोन टोंकांमधील विद्युत्-दाब यांच्यावर अहोरात्र पहारा ठेवावा लागतो. शिवाय प्रवाह बंद असतांहि उष्णता झिरपतच राहते; दार लोटून ठेवलें तरी फटींतून वारा येतोच.

अशा वाफेनें थंड होणाऱ्या वाहिन्यांच्या जोरावर १९८३ सालीं अमेरिकेंतील फर्मी प्रयोगशाळेंत ‘टेव्हॅट्रॉन’ हा अतिसंवाहक चुंबकांचा पहिला मोठा वेगवर्धक सुरू झाला. ती जागा शिकागोच्या जवळच. ज्या शहरीं ऑनेस यांची आकांक्षा जगापुढें मांडली गेली, त्याच्याच परिसरांत सत्तर वर्षांनंतर सहा किलोमीटरांहून अधिक परिघाचें वर्तुळ अशा चुंबकांनीं गजबजून गेलें. त्या यंत्रानें २०११ पर्यंत सेवा बजावली.

जिनीव्हाच्या यंत्राचा आराखडा तयार होऊं लागला तेव्हां मात्र या युक्तीचीहि परिसीमा दिसूं लागली. मुख्य चुंबकांखेरीज कणांचे झोत एकवटणारे व त्यांच्या मार्गांतील बारीकसारीक दोष सुधारणारे हजारों चुंबक त्यांत आहेत. सर्वांना मिळून तीन हजारांहून अधिक वाहिन्या लागणार होत्या, आणि त्यांतून जाणाऱ्या प्रवाहांची बेरीज तीस लाख अँपिअरांच्या वर जात होती. जुन्या हिशेबानें तीन हजार वॉटांहून अधिक उष्णता थेट हेलियमांत उतरली असती, आणि तासाला साडेचार हजार लिटर द्रव वाफ होऊन बाहेर आला असता. ती वाफ पुन्हां द्रव करण्याचा खर्च कोण सोसणार? नवी वाट शोधणें प्राप्त झालें.

ती वाट एका अनपेक्षित दिशेनें आली. १९८६ सालीं झ्यूरिकजवळच्या एका प्रयोगशाळेंत बेडनॉर्ट्स व म्यूलर यांना असें आढळलें, कीं तांब्याचा अंश असलेलीं कांहीं प्राणिलें, चिनी मातीच्या भांड्यासारखीं ठिसूळ असूनहि, पूर्वीच्या सर्व पदार्थांपेक्षां अधिक उष्णतामानावर अतिसंवाहक होतात. दुसऱ्याच वर्षीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. १९८८ सालीं जपानमध्यें मायेदा यांनीं बिस्मथयुक्त पदार्थ शोधून काढला. त्याच्या एका प्रकाराची अतिसंवाहकता ११० अंशांपर्यंत टिकते. आतां शहराशहरांतून रोधरहित तारा पसरतील, अशीं स्वप्नें लोकांना पडूं लागलीं. तीं लवकर खरीं होण्याचीं चिन्हें दिसेनात. ठिसूळ पदार्थाची लांबच लांब तार ओढणें सोपें नव्हतें. परंतु प्रवेशवाहिनीला हवा होता तो हात-दीड हात लांबीचा एक तुकडा! शिवाय या पदार्थांत दुसरा एक मोठा गुण होता. अतिसंवाहक स्थितींत प्रवाह वाहणारे इलेक्ट्रॉन जोडीजोडीनें चालतात, आणि त्या जोड्या उष्णता वाहत नाहींत. वीज व उष्णता यांची जी गांठ १८५३ पासून सुटत नव्हती, ती या पदार्थांत सुटलेली होती.

सर्नमध्यें अमालिया बालारिनो यांच्या नेतृत्वाखालीं या नव्या वाहिन्यांची रचना झाली. वाहिनीचे दोन भाग केले. वरचा भाग तांब्याचा. तो खोलीच्या उष्णतामानापासून ५० अंशांपर्यंत उतरतो, आणि त्याला थंड ठेवण्यासाठीं शीतयंत्रांतून निघणारा २० अंशांचा हेलियम वायु सोडलेला असतो. तेथून खालीं ४.५ अंशांच्या द्रवापर्यंत बिस्मथयुक्त पदार्थाच्या फितींचा भाग. येथें एक गमतीची अडचण आली. या ठिसूळ पदार्थाच्या फिती चांदीच्या आवरणांत ओढाव्या लागतात; आणि चांदी तर उष्णतेची उत्तम वाहक! पुढच्या दारीं अडविलेली उष्णता मागच्या दारानें आंत येणार. तेव्हां चांदींत वजनानें सुमारें पांच टक्के सोनें मिसळण्यांत आलें. सोनाराच्या दृष्टीनें सोनें मिसळल्यानें चांदीची किंमत वाढते. येथें मात्र तें मिसळलें तें चांदीचा गुण कमी करण्यासाठीं. मिश्रधातूंत इलेक्ट्रॉनांची वाट अडखळते, आणि उष्णतेचा ओघ मंदावतो. या सर्व योजनेमुळें खालच्या द्रवांत पोंचणारी उष्णता जुन्या वाहिन्यांच्या सुमारें दहाव्या हिश्शावर आली. अशा हजाराहून अधिक वाहिन्या त्या भुयारांत बसविण्यांत आल्या. त्यांपैकीं सर्वांत मोठ्या, १३,००० अँपिअरच्या, ६४ आहेत.

या रचनेंत संकटाचाहि विचार करावा लागला. मुख्य चुंबक आठ विभागांत, प्रत्येकीं १५४ अशा एकाच मालिकेंत जोडलेले आहेत. एका मालिकेंत सांठलेली शक्ति शंभर कोटी जूलहून अधिक असते. ती क्षणांत काढून घेतां येत नाहीं. प्रवाह निम्म्याहून खालीं यावयास मिनिटाहून अधिक वेळ लागतो. तोंपर्यंत बिघडलेल्या वाहिनीनेंहि न जळतां प्रवाह वाहिलाच पाहिजे. यासाठीं अतिसंवाहक फितींच्या जोडीला वेळप्रसंगीं प्रवाह सांभाळील असा धातूचा भाग ठेवलेला असतो, आणि त्या टप्प्यांत केवळ ३ मिलिव्होल्टांचा दाब दिसला तरी संरक्षक यंत्रणा जागी होते.

ही सावधगिरी अनाठायीं नव्हती, हें एका दुर्घटनेनें सिद्ध झालें. १९ सप्टेंबर १९०८ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या सप्टेंबरांत, म्हणजे १९ सप्टेंबर २००८ रोजीं, यंत्र सुरू होऊन नऊच दिवस झाले असतां एका विभागांत प्रवाह चढविण्याची चांचणी चालली होती. प्रवाह ८,७०० अँपिअरपर्यंत पोंचला तों दोन चुंबकांमधील एक सांधा तापला व तुटला. दोष प्रवेशवाहिनींत नव्हता. पण तो होता थंड वाटेवरील एका जोडांतच. विजेची ठिणगी हेलियमचें पात्र भेदून गेली, सुमारें ६ टन हेलियम बाहेर पडलें, आणि ५३ चुंबक वर काढावे लागले. यंत्र पुन्हां सुरू व्हावयास २००९ चा नोव्हेंबर उजाडला, म्हणजे चौदा महिने गेले. अतिसंवाहकाच्या किलोमीटरगणिक तारा निर्दोष असल्या तरी बोटभर जोडांतील लेशमात्र रोध सर्वांचा घात करूं शकतो, हा धडा त्या प्रसंगानें दिला.

या यंत्राच्या उभारणींत भारताचाहि हात आहे. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकारानें, आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्यानें, दोष सुधारणारे अतिसंवाहक चुंबक, मोठे चुंबक अचूक जागीं बसविणारे जॅक आणि संकटसमयीं चुंबकांतील शक्ति सुरक्षितपणें पसरवून देणाऱ्या तापकांचे वीजपुरवठे येथून पाठविण्यांत आले. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सभासद आहे.

प्रवेशवाहिनीची कथा अद्याप संपलेली नाहीं. २००१ सालीं जपानांतील अकिमित्सु व त्यांचे सहकारी यांनीं जाहीर केलें, कीं मॅग्नेशियम व बोरॉन यांचें एक साधें, स्वस्त संयुग ३९ अंशांपर्यंत अतिसंवाहक असतें. जिनीव्हाच्या यंत्राची शक्ति वाढविण्याच्या योजनेंत या पदार्थाच्या लांब, लवचिक केबली करून वाहिन्या चुंबकांपासून दूर, किरणोत्सर्गाचा उपद्रव नसलेल्या दालनांत नेण्याचें ठरलें. २०१४ सालीं सर्नमध्यें अशा २० मीटर लांबीच्या केबलींतून २४ अंशांवर २०,००० अँपिअर प्रवाह वाहवून दाखविण्यांत आला. या केबलींना थंड ठेवावयाची योजना काय? तीच जुनी: तळाशीं उठणारी हेलियमची वाफ केबलीच्या अंगानें न्यावयाची, आणि शेवटीं तिच्याकडूनच वाहिनीहि थंड करून घ्यावयाची.

एकूण हकीकत पाहतां एक गोष्ट ध्यानांत येते. वीडमान व फ्रांट्स यांचा नियम कोणी मोडला नाहीं; तांब्याच्या भागांत तो आजहि तसाच लागू आहे. शोधकांनीं प्रथम त्या नियमाच्या चौकटींत किती नुकसान अटळ आहे तें नेमकें मोजलें. मग वायां जाणाऱ्या वाफेकडून काम करून घेतलें. आणि अखेरीस, जेथें तो नियम लागूच पडत नाहीं असा पदार्थ, लागेल तेवढ्याच थोड्या अंतरापुरता वापरला. थंडीच्या घराचें दार आजहि उघडेंच आहे. फरक इतकाच, कीं त्यांतून आंत काय यावें आणि काय बाहेरच थांबावें, हें आतां पुष्कळ अंशीं माणसाच्या हातीं आलें आहे.